उचल, बाकी आणि वेठ
लेखमाला : गाव सोडताना – लेखांक ६

गेल्या आठवड्यात खोपोलीच्या एका वेल्डरच्या निमित्ताने आपण पासपोर्टवरचा ‘ईसीआर’ हा शिक्का समजून घेतला. दहावी न झालेला माणूस आखातात कामाला निघाला, तर १९८३च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे त्याला आधी सरकारची मंजुरी लागते. एजंट नोंदणीकृत हवा, करार तपासून हवा, दहा लाखांचा विमा हवा. तो लेख वाचून कशेळ्याकडच्या एका वाचकाने फोनवर विचारलं, “सर, आमच्या वाडीतली निम्मी माणसं दिवाळी झाली की कर्नाटकात जातात, भट्टीवर. त्यांना कुठला शिक्का?”

शिक्का नाही. वही आहे.

कर्जत-खालापूरच्या कातकरी वाड्यांत ही वही सगळ्यांना ठाऊक असते. लावणी आटोपली, घरातला दाणा संपत आला, की मुकादम वाडीवर येतो आणि उचल देऊन जातो. ती फेडायला दिवाळीनंतर जोडी वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परतते. जोडी म्हणजे नवरा-बायको; वहीत नाव मात्र नवऱ्याचं एकट्याचं. फोन करणाऱ्याने मला अशाच एका पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवला. वर उचल. खाली आठवड्याची खर्ची, मग परत खर्ची, मध्येच ‘दवाखाना’, एका ठिकाणी नुसतंच ‘इतर’. थापलेल्या विटांचा आकडा दोनच ठिकाणी. तळाला ‘बाकी’ हा शब्द, आणि त्याच्यापुढच्या आकड्यावर नेमका पान धरणाऱ्याचा अंगठा.

आता कायद्याचे शब्द.

उचल घेणं किंवा देणं हा गुन्हा नाही. ऊसतोडीपासून बांधकामापर्यंत अर्धा महाराष्ट्र उचलीवर हलतो. प्रश्न वेगळा आहे : त्या पैशाच्या बदल्यात माणसाने काय गहाण टाकलं?

१९७६चा वेठबिगार उच्चाटन कायदा नेमकं हेच विचारतो. वेठबिगार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पायात साखळी, दारात बंदूकवाला येतो. (सिनेमाने आपलं कायद्याचं ज्ञान फार बिघडवलं आहे.) कायद्याला साखळी लागत नाही. घेतलेल्या कर्जापोटी किंवा उचलीपोटी माणूस फुकट किंवा नाममात्र मजुरीवर राबत असेल. किंवा ठरल्या मुदतीत त्याला दुसरीकडे काम धरता येत नसेल. किंवा हवं तेव्हा हवं तिथे जाता येत नसेल. किंवा स्वतःच्या मेहनतीचा माल बाजारभावाने विकता येत नसेल – यांतली एक गोष्ट पुरते. ‘बाकी फिटल्याशिवाय भट्टी सोडायची नाही’ हे वाक्य वाड्यांवर इतक्या सहज बोललं जातं, की ते कायद्यातल्या व्याख्येत बसतं हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. कंत्राटी आणि परराज्यात नेलेला मजूरही या व्याख्येत येऊ शकतो, असा खुलासा १९८५ साली कायद्यातच घातला गेला. त्याआधी १९८२ साली, दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकामांवरून झालेल्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं होतं : किमान वेतनापेक्षा कमी पैशात करावं लागणारं काम हीसुद्धा संविधानाच्या तेविसाव्या कलमाने मना केलेली वेठच. पोट माणसाला ढकलतं, तीही सक्तीच असते, असा त्यामागचा विचार.

मग बाकीचं काय? ती संपते. वेठबिगारीचं कर्ज कायद्याने बुडीत ठरतं. त्यासाठी दावा लावता येत नाही आणि नंतर त्यापोटी पैसे घेणारा स्वतःच तीन वर्षांपर्यंतच्या कैदेला पात्र ठरतो. त्याहून महत्त्वाचं कलम पंधरावं. मजुराने ‘हे वेठबिगारीचं कर्ज आहे’ म्हटलं, की ते तसं नाही हे सिद्ध करायचं काम पैसे देणाऱ्याचं. तेव्हा फोटोत अंगठा आड आला याची काळजी नको. हिशेब दाखवायची पाळी वहीवाल्यावर आहे.

‘आंतरराज्य स्थलांतरित कामगार’ हा शब्द मात्र मला नेहमी खटकतो. इथे कायदा अंतर मोजत नाही, फक्त हद्द बघतो. कर्जतची जोडी कर्नाटकात गेली तर ती ‘आंतरराज्य’. तीच जोडी आपल्याच राज्यात चारशे किलोमीटरवर गेली, तिथेही तीच वही, तोच मुकादम, तरी या शब्दाबाहेर. १९७९च्या कायद्यात ठेकेदाराने नेलेल्या अशा कामगाराला जाण्यायेण्याचा खर्च आणि वर, परत न करायचा, विस्थापन भत्ता होता. नोव्हेंबर २०२५मध्ये लागू झालेल्या नव्या श्रम संहितेत आपणहून गेलेला माणूसही मोजला जातो, ही सुधारणा. पण विस्थापन भत्ता गेला. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढलं.

वेठबिगारीच्या कायद्याला मात्र हद्दीशी देणंघेणं नाही. भट्टी कर्नाटकात असो की खालापुरात, तो लागू.

शेवटचा शब्द : मुक्ती प्रमाणपत्र. माणूस वेठबिगार होता आणि आता सुटला, असं प्रशासनाने लिहून दिलेला कागद. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत पुरुषाला एक लाख, स्त्रिया आणि मुलांना दोन लाख, फार भीषण प्रकरणात तीन लाखांची तरतूद आहे. तातडीची मदत तीस हजारांपर्यंत. पण कागदाशिवाय गाडी पुढे सरकत नाही. आणि घाबरलेली माणसं रात्री भट्टी सोडून पळून येतात, कागद तिथेच राहून जातो. सुटका जिथे होते, तिथल्याच अधिकाऱ्याकडे तो मागायचा असतो. आपल्याकडची भट्टी असेल तर कर्जतचे प्रांताधिकारी. कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके त्यांच्याच उपविभागात येतात. जिल्ह्याला आणि उपविभागाला दक्षता समिती असलीच पाहिजे, असं कायदा सांगतो. आपल्या उपविभागाच्या समितीत कोण कोण आहे आणि ती शेवटची कधी बसली, हे माहिती अधिकाराच्या एका अर्जात विचारता येतं.

फोन करणाऱ्याला मी दोनच गोष्टी सांगितल्या. तो फोटो पुसू नका. आणि पुढचं पान भरलं, की त्याचाही काढून ठेवा, बायकोचं नाव वहीत नसलं तरी ती किती विटा थापते ते शेजारी लिहून.

पुढच्या आठवड्यात : ‘रहिवासी’ आणि ‘अधिवासी’ या दोन दाखल्यांतला फरक.