उसाचं शिवार हिरवंगार, तरी मे महिन्यात मधमाशी आणि शिंजीर आपल्याच दारात का येतात?

फलटण : नीरा उजव्या कालव्याच्या कडेनं साखरवाडीकडं किंवा राजाळ्याकडं निघालं की भर उन्हाळ्यातही डोळ्यांना गार वाटतं. दोन्ही बाजूंना ऊस, मधे एखादी केळीची बाग. आपल्याला ती हिरवळ दिसते. मधमाशीला मात्र त्यात खायला काही सापडत नाही. उसाला तुरा आला तरी त्यात मध नसतो, त्याचे परागकण वाऱ्यावर उडतात. आणि मे महिन्यात तर तुराही नसतो, नुसता पाला.

तालुक्याच्या दक्षिणेला, दुधेबावी, गिरवी, ताथवड्याकडं, वेगळी गोष्ट. तिथं रब्बी निघाली की रान मोकळं होतं. पूर्वी शाळवात करडईचे तास असायचे, तिच्या पिवळ्या-केशरी फुलांवर माशा घोंगावायच्या. करडईवर आपल्याच फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं (स्थापना १९६८) मोठं काम केलं, बिनकाट्याचे वाणसुद्धा काढले. तरी राज्यात करडईचा पेरा कमी होत गेला. आणि असली तरी करडई उन्हाळा तापायच्या आत काढून होते. पळस, पांगारा, काटेसावर यांची फुलंही तोवर झडलेली असतात.

मग राहतं काय? बांधावरचा लिंब आणि करंज, रस्त्याकडेचा बहावा आणि शिरीष. आणि घराच्या मागंपुढं, मोरीच्या पाण्यावर जगलेली चार झाडं. जास्वंद, मधुमालती, तुळस, कढीपत्ता, शेवगा, भोपळ्याचा वेल. एप्रिल-मे महिन्यात यांच्यावर एवढी वर्दळ दिसते, त्याचं कारण हे आहे. आसपास दुसरं काही फुललेलं नसतं.

आरशाशी भांडणारा पाहुणा

सगळ्यात आधी नजरेत भरतो तो शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. चिमणीपेक्षा लहान, बाकदार चोच. विणीच्या दिवसांत नर उन्हात निळा-जांभळा चमकतो, सावलीत काळा दिसतो. मादी साधी, वरून मातकट हिरवी आणि पोटाला पिवळी. दारात लावलेल्या मोटारसायकलच्या आरशावर टकटक चोच मारत बसतो तो हाच. आरशातला पक्षी त्याला हद्दीत घुसलेला दुसरा नर वाटतो. आरशावर एखादी जुनी पिशवी घातली की भांडण मिटतं आणि त्याचे श्रमही वाचतात.

व्हॉट्सअॅपवर दर उन्हाळ्यात याचे व्हिडिओ 'आपल्याकडे हमिंगबर्ड आला' म्हणून फिरतात. हमिंगबर्ड फक्त अमेरिकेच्या दोन खंडांत आणि तिथल्या बेटांवर असतात. आपल्याकडं दिवसा दिसतो तो शिंजीर. संध्याकाळी मधुमालतीसमोर हवेत एका जागी थांबून लांब सोंड आत घालणारा दिसला, तर तो पक्षी नव्हे, मोठा पतंग असतो.

शिंजीर जास्वंदीवर थोडी लबाडीही करतो. फुलाच्या तोंडातून जायचं सोडून तो देठाजवळ पाकळीला भोक पाडतो आणि मध ओढून घेतो. परागकण अंगाला लागतच नाहीत. फुलाचं काम न करता मजुरी घेतल्यासारखं झालं. शेवग्याच्या फुलांवर मात्र तो मन लावून फिरतो. पिल्लांना मधावर वाढवता येत नाही, त्यामुळं त्या दिवसांत तो बारीक किडे आणि कोळी भरपूर टिपतो.

त्याचं घरटं ओळखता आलं पाहिजे, कारण ते कचऱ्यासारखंच दिसतं. फांदीला, पडवीतल्या वायरीला, कधी कपडे वाळत घालायच्या दोरीला लोंबणारी वीतभर थैली. बाहेरून कोळ्याचं जाळं, सालीचे तुकडे, वाळलेला पाला चिकटवलेला. एका बाजूला भोक आणि त्यावर छोटं छज्ज्यासारखं. जळमट समजून कितीतरी घरांत ते झाडूनं पाडलं जातं. आत बहुधा दोन अंडी असतात. उबवण्याला दोन आठवडे आणि पिल्लं उडायला साधारण तेवढेच दिवस. महिनाभर ती दोरी वापरली नाही तर काही अडत नाही.

माशा पाण्यावर का तुटून पडतात?

नळाच्या गळक्या तोटीवर, माठाच्या ओल्या बुडाशी, जनावरांच्या हौदावर माशा जमल्या की घरात ओरड सुरू होते. त्या चावायला आलेल्या नसतात. ऊन तापलं की पोळं गार ठेवायला त्यांना पाणी लागतं. माशी पाणी नेऊन पोळ्यात पसरते, बाकीच्या पंखांनी वारा घालतात आणि पाण्याची वाफ होताना पोळं थंड होतं. आपल्या माठाचं तत्त्व तेच. घट्ट झालेला मध पातळ करून अळ्यांना भरवायलाही पाणी लागतं.

यावर उपाय सोपा. उथळ परात किंवा फुटक्या माठाचं खापर घ्यायचं, त्यात खडे टाकायचे, खडे वर उघडे राहतील एवढंच पाणी भरायचं आणि ते दारापासून, लेकरांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब, सावलीत ठेवायचं. नळाची गळती त्याच दिवशी बंद केली तर माशा हळूहळू तिकडं वळतात. पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाणीही रोज ओतून भांडं घासून घ्या. साचलेल्या पाण्यात आठवडा-दहा दिवसांत डास तयार होतात आणि डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच वाढतो.

लिंबाच्या किंवा डाळिंबाच्या फांदीला उघड्यावर एकच छोटी पोळी लटकलेली दिसली, तर ती फुलोरी माशीची. ही लहान असते आणि छेडल्याशिवाय सहसा अंगावर येत नाही. आग्यामोहोळ वेगळं. मोठी माशी, उंच झाडाला किंवा पाण्याच्या टाकीला लागलेलं थोरलं पोळं. त्याच्या खाली धूर, फटाके, दगड असला उद्योग करू नये. आपल्याच जिल्ह्यात महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून पुढं आलं, तिथं माशीवर घरं चालतात.

भोपळा धरत का नाही?

परसात वेल लावणाऱ्या बायांची नेहमीची तक्रार आहे. वेल जोरात, फुलं भरपूर, पण बोटाएवढा भोपळा पिवळा पडून गळतो. खत टाकतात, औषध मारतात. पुष्कळदा कारण साधं असतं, फुलावर माशी आलेली नसते.

भोपळा, दोडका, काकडी, कलिंगड यांच्यात नर आणि मादी फुलं वेगळी. मादी फुलाच्या मागं इवलंसं फळ असतं, नराच्या मागं नुसता दांडा. नराचा पराग मादीपर्यंत कुणीतरी न्यावा लागतो. काकडी, कलिंगड, लाल भोपळा सकाळी फुलतात, त्यांच्यावर मधमाशी आणि काळा भुंगा येतो. दोडका आणि दुधी संध्याकाळकडं उघडतात, तिथं पतंगही कामाला येतात. माशा नसतील तर हातानं करा. ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलके घासायचा. फूल उघडल्यावर लगेच, उशीर करायचा नाही.

हे परसातलं गणित डाळिंबवाल्याला आणि कलिंगडवाल्याला तर लाखाच्या हिशोबात लागू आहे. फुलोऱ्यात असताना सकाळी कीटकनाशक फवारलं की औषधाचा पैसा गेला आणि फळ धरणारी मजूरही मेली. फवारणी टाळता येतच नसेल तर सूर्य मावळल्यावर, माशा पोळ्यात परतल्यावर करा आणि शेजारी मधपेट्या असतील तर त्याला आदल्या दिवशी एक फोन करा. दारातल्या फुलझाडांवर उरलेलं औषध मारून पंप रिकामा करायची सवय तर सोडाच.

काय लावावं, काय राहू द्यावं

नर्सरीत जास्त पाकळ्यांचं फूल महाग मिळतं. पण गच्च पाकळ्यांच्या जास्वंदीत माशीला आत शिरायला वाट राहत नाही. साधी पाच पाकळ्यांची लाल जास्वंद बरी. बोगनवेलीचा रंग पाकळ्यांचा नसून पानांचा, खरं फूल मधलं पांढरं बारीक. पांढरा चाफा तर पतंगांना चक्क फसवतो, वास सोडतो पण मध देत नाही. गुलमोहर शोभेला छान आहे, साताऱ्यात १ मेला त्याचा दिवसही साजरा होतो, पण झाड मूळचं मादागास्करचं. जागा असेल तर बहावा किंवा ताम्हण लावा. ताम्हण आपलं राज्यफूल आहे, त्याला पाणी मात्र बऱ्यापैकी लागतं.

टँकरच्या गावात नवीन झाडं लावायचा सल्ला देण्यात अर्थ नाही. तिथं आहे ते राहू द्यावं. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका, चार ठेवा, सकाळी तिथं फुलोरी माशी येतेच. कढीपत्ता आणि लिंबोणीवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते, ती पुढं हिरवी होते आणि तिचं मोठं फुलपाखरू बनतं. चार पानं जातील, झाड मरत नाही. कंपाउंडच्या कडेची रुई उपटू नका. काळ्या काठाच्या केशरी फुलपाखराची अळी त्याच पानांवर वाढते. कण्हेर उन्हाळ्यात छान तग धरते, पण ती विषारी आहे, शेळ्या-करडं असलेल्या घरी तिची छाटणी दावणीपाशी टाकू नका. आणि रस्तारुंदीच्या धोक्यातून वाचलेला लिंब जपा. तरडगावजवळ माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण होतं, त्या जागेला नावच चांदोबाचा लिंब आहे.

झाडं आणि पाणी आलं की मागोमाग बेडूक, उंदीर आणि त्यांच्यामागं साप येतो. धामण असेल तर ती उंदीर खाऊन जाते. तरी नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांची धास्ती खोटी नाही. शेणी आणि सरपणाचा ढीग झाडांपासून व घरापासून लांब ठेवा, रात्री बॅटरीशिवाय परसात जाऊ नका, कुंडीमागं न बघता हात घालू नका. साप दिसला तर मारू नका, लांबून लक्ष ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. दंश झालाच तर मंत्र-उतारे नकोत, जखम कापू नका, घट्ट बांधू नका. १०८ ला फोन करून थेट सरकारी दवाखाना गाठा, सापाच्या विषावरची लस तिथं मिळते.