मॉर्फिन कुणाला, किती आणि कधीपर्यंत?

१९८० सालच्या जानेवारीत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जेमतेम पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. जेन पोर्टर आणि हर्शेल जिक या दोघांनी रुग्णालयांतल्या नोंदी तपासल्या होत्या. अफूच्या वर्गातलं औषध मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, ज्यांना आधी व्यसन नव्हतं अशा फक्त चौघांना ते जडल्याची नोंद त्यांना सापडली. हे सगळे रुग्ण वॉर्डात होते आणि नर्सच्या हातून मोजकी मात्रा घेत होते. घरी गेल्यावर त्यांचं काय झालं, हे त्या पत्रात नव्हतंच.

तरीही पुढची कित्येक वर्षं ‘खरी वेदना असलेल्याला व्यसन लागत नाही’ असं सांगताना याच पत्राकडे बोट दाखवलं गेलं. २०१७मध्ये त्याची मोजदाद झाली. पत्राचा हवाला ६०८ ठिकाणी आढळला, आणि हवाला देणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते एवढंही लिहिलं नव्हतं.

दरम्यान १९९६मध्ये पर्ड्यू फार्मा या कंपनीची ‘ऑक्सिकॉन्टिन’ ही अफूवर्गातली वेदनाशामक गोळी अमेरिकेच्या बाजारात आली होती. तिचा प्रचार कॅन्सरच्या वॉर्डापुरता थांबला नाही. दुखरी पाठ, झिजलेला गुडघा घेऊन येणाऱ्यांच्या साध्या फॅमिली डॉक्टरांपर्यंत तो पोचला. पर्ड्यूला पुढे न्यायालयात गुन्हे कबूल करावे लागले. २०२१ या एका वर्षात अमेरिकेत अमली पदार्थांच्या अतिमात्रेनं एक लाखाहून अधिक माणसं गेली. तोवर बहुतेक बळी अफूवर्गातल्याच बेकायदा फेंटानिलचे होते, पण या साथीची पहिली लाट डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवरून उठली होती.

याच वर्गातलं मॉर्फिन शरीरात नेमकं करतं काय? आपल्या चेतापेशींवर काही ग्राहक-रेणू असतात. शरीर स्वतःच तयार करत असलेली वेदनाशामक द्रव्यं त्यांवर जाऊन बसतात. ‘एन्केफॅलिन’ नावाची अशी द्रव्यं १९७५मध्ये स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनला ओळखली गेली. मॉर्फिन त्याच जागा पकडतं आणि मज्जारज्जूत एका पेशीकडून दुसरीकडे जाणारा वेदनेचा निरोप क्षीण करतं. अडचण अशी की हेच ग्राहक-रेणू श्वासाची लय राखणाऱ्या मेंदूच्या बुंध्यात आहेत आणि आतड्याच्या भिंतीतही आहेत. म्हणून वेदना थांबवणारं औषध मात्रा चुकली की श्वासही मंद करतं, आणि पोट तर हमखास बांधून ठेवतं. मळमळ आणि गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता ओसरत नाही. त्यामुळे जाणता डॉक्टर पहिल्याच दिवशी मॉर्फिनच्या जोडीला रेचक लिहून देतो. झोपेच्या गोळ्या किंवा दारू सोबत असेल, मूत्रपिंडं अधू असतील, तर धोका कितीतरी वाढतो. या गोष्टी रुग्णाला स्पष्ट विचारायलाच हव्यात.

मग गुडघेदुखीचं काय? २०१८मध्ये एरिन क्रेब्स आणि सहकाऱ्यांनी २४० माजी सैनिकांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. सगळ्यांची पाठ, खुबा किंवा गुडघा बरेच दिवस दुखत होता. निम्म्यांना अफूवर्गातली औषधं दिली, निम्म्यांना पॅरासिटामॉलसारखी साधी. वर्षभरानंतर हालचाल आणि रोजचे व्यवहार यांत दोन्ही गट सारखेच निघाले आणि दुष्परिणाम पहिल्या गटात जास्त. माझ्या मते हा निष्कर्ष प्रत्येक दवाखान्यात पोचायला हवा. जुनाट सांधेदुखीला व्यायाम, फिजिओथेरपी आणि गरजेपुरती साधी औषधं हीच मुख्य वाट आहे. मधुमेहानं पायांची आग होत असेल तर ती नसांची वेदना. तिथे अ‍ॅमिट्रिप्टिलीन किंवा प्रीगॅबॅलिनच्या वर्गातली औषधं आधी वापरून बघतात.

व्यसनाच्या साथीनंतर अमेरिकेनं लगाम खेचला तो मात्र उलट्या दिशेनं फार. तिथल्या सीडीसी या संस्थेनं २०१६मध्ये दिवसाला ९० मिलिग्रॅम मॉर्फिनच्या तोडीची मात्रा शक्यतो ओलांडू नये असं सुचवलं. अनेक ठिकाणी या सूचनेचा नियम झाला. वर्षानुवर्षं औषधावर असलेल्यांची मात्रा झटक्यात तोडली गेली आणि ती माणसं तडफडली. २०२२च्या सुधारित मार्गदर्शिकेत संस्थेला बजावावं लागलं की हे आकडे म्हणजे कायदा नव्हे, आणि मात्रा उतरवायची तर हळूहळू, रुग्णाशी बोलून.

आपल्याकडे भीतीचा कारभार त्याहून जुना. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात मॉर्फिनसाठी इतके परवाने आणि चुकीला इतकी कडक शिक्षा होती की रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. पुढच्या दशकभरात देशातला वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. नीमच-मंदसौरच्या शेतांत सरकारी परवान्यानं अफू पिकत राहिली, आणि कॅन्सर हाडांत उतरलेला रुग्ण रात्रभर विव्हळत राहिला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०१७च्या आयोगाच्या हिशेबानं भारतात गरजेच्या जेमतेम ४ टक्के मॉर्फिन पोचत होतं. याला सावधगिरी म्हणायला माझं मन तयार होत नाही.

केरळनं वेगळा मार्ग काढला. १९९३मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि सोबत्यांनी कोळिकोडला वेदनाशमनाचं काम सुरू केलं. पुढे गावोगावचे स्वयंसेवक आणि पंचायतींच्या नर्स घरोघरी जाऊ लागल्या. राजगोपाल आणि इतरांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर २०१४मध्ये कायदा बदलला. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला मॉर्फिनसाठी अनेक परवान्यांच्या मागे धावावं लागत नाही.

पण कायदा बदलला तरी हात कचरतात, घरच्यांचेही. ‘मॉर्फिन सुरू केलं म्हणजे संपलं’ हे वाक्य कितीतरी घरांत ऐकू येतं. कॅन्सरच्या वेदनेत ही गोळी लहान मात्रेपासून सुरू करतात, साधारण दर चार तासांनी, दुखण्याची वाट न पाहता घड्याळाकडे पाहून देतात, आणि आराम पडेपर्यंत बेताबेतानं वाढवतात. बरेच रुग्ण त्यानंतर नीट झोपतात, जेवतात, अंगणापर्यंत चालत जातात. अचानक बंद केल्यावर घाम, जुलाब, बेचैनी होते. ते शरीराचं अवलंबन असतं, व्यसन नव्हे. व्यसनात माणूस नुकसान दिसत असूनही औषधामागे धावतो.

मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये वेदनाशमनाचं पदव्युत्तर शिक्षण २०१२पासून मिळतं, पुण्यात सिप्लाचं केंद्र १९९७पासून रुग्णांची काळजी घेतं आहे. बीड किंवा गडचिरोलीतल्या रुग्णानं तिथवर प्रवास करावा हा मात्र उपाय नव्हे. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत तोंडानं घ्यायचं मॉर्फिन ठेवलं पाहिजे, तिथल्या डॉक्टर-नर्सना ते द्यायला शिकवलं पाहिजे. जवळ नॅलोक्सोन हे उतारा म्हणून दिलं जाणारं इंजेक्शन हवं, आणि किती गोळ्या आल्या, कुणाला गेल्या, उरलेल्या परत आल्या का, याची वही रोज लिहिली गेली पाहिजे.