शिकलेल्या माशीचे चार तास

सकाळी 6.40. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेचा तळमजला. मावशी शेगडी पेटवतात. मोठ्या पातेल्यात पाणी, अगर, मक्याचं पीठ, साखर, यीस्ट. स्वयंपाक फळमाश्यांचा. गुठळ्या होतात म्हणून हात थांबवायचा नाही. जरा निवलं की प्रोपिऑनिक आम्ल घालायचं, बुरशी धरू नये म्हणून. ते नाकाला झोंबतं. मग नळ्या भरायच्या, शेकड्यांनी. पगार कंत्राटदाराकडून.

9.15. वरच्या मजल्यावर ताई, पीएचडीच्या. फेलोशिप 37 हजार. कपाटात 25 अंश तापमान. इथे माशी साधारण दोन महिने जगते. म्हाताऱ्या माश्यांची नळी आपटायची, नव्या नळीवर उलटी करायची, कापसाचा बोळा लावायचा. मागे राहिलेल्या मेलेल्या. त्या मोजून वहीत.

11.00. अंधारी खोली, लाल दिवा. माशीला लाल दिसत नाही. एक वास सोडला की नळीला हादरा. दुसरा वास, हादरा नाही. मग वीस मिनिटं सुट्टी, पुन्हा तेच. सुट्टी न देता घोकून घेतलं तर पक्की आठवण बसत नाही. शेजारच्या गटाला वास तेच, हादरेही तितकेच, पण वेगवेगळ्या वेळी. शिकण्याजोगं काहीच नाही. सगळी गंमत या दुसऱ्या गटात आहे.

2.00. डबे उघडतात.
“ताई, माशीला शिकवून काय मिळतं?”
“शिकायला तिला किती खर्च येतो, ते बघतोय.”
“खर्च तर येणारच.” मावशींनी चटणी पुढे सरकवली.

4.30. दोन्ही गट रिकाम्या नळ्यांत. अन्न नाही, पाणी नाही. स्वित्झर्लंडमध्ये मेरी आणि कावेत्स्की या संशोधकांनी 2005 साली हेच केलं होतं. पक्की आठवण बनवायला नवी प्रथिनं लागतात, त्यांना ऊर्जा लागते. त्यांच्या शिकलेल्या माश्या दुसऱ्या गटापेक्षा सुमारे चार तास आधी मेल्या. पुढे 2013 मध्ये पॅरिसच्या प्लासे आणि प्रेआ यांना दिसलं, की उपाशी माशीचा मेंदू ही महागडी आठवण स्वतःच बंद ठेवतो. जबरदस्तीने चालू केली, तर माशी लवकर मरते.

5.30. मावशी पातेलं घासून बसथांब्याकडे.

रात्री 11.00. ताई टॉर्च घेऊन नळ्या बघतात. आडवी पडली, पाय हलत नाहीत, मग मेली असं लिहायचं. नोंद दर तासाला, सकाळपर्यंत. फेलोशिपमध्ये रात्रपाळीचा भत्ता नसतो.