आम्ही अंगठेबहाद्दर

दौंड-सोलापूर लोहमार्गावरचं जेऊर बाहेरच्यांना दोन कारणांनी ठाऊक असतं. करमाळ्याला रेल्वेनं जायचं तर इथं उतरावं लागतं, आणि नागराज मंजुळे इथले. तिसरं कारण अजून वेशीबाहेर गेलेलं नाही: इथल्या गेम खेळणाऱ्यांना मतं भयंकर. कुठला गेम भारी यावर एकवेळ समझोता होतो, पण तो कशावर खेळायचा यावरून गचांडी धरायची वेळ येते. रिमोट, कीबोर्ड की मोबाईलची काच? माझं मत आधीच सांगून मोकळा होतो. निम्मा गेम बोटांखाली असतो. बटणं झकास असतील तर टुकार गेमसुद्धा दुपारभर निघतो, आणि बटण चिकटायला लागलं की जगात नावाजलेला गेमही बंद करून ठेवावासा वाटतो.

तर त्या बोटांखालच्या काही गमती.

फुलीचा बाप

टीव्ही गेमच्या रिमोटवर (कंट्रोलर वगैरे आम्ही फार उशिरा म्हणायला लागलो) डाव्या अंगठ्याखाली येते ती फुली गुनपेई योकोई या जपानी माणसानं काढली. हा गडी १९६५ साली निन्टेन्डोत लागला तो पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल करायला. होय, पत्तेच. ही कंपनी १८८९ पासून क्योटोत हानाफुदा नावाचे पत्ते बनवत होती. १९८२ मध्ये 'डाँकी काँग'चा खिशात मावणारा, मिटून ठेवायचा गेम काढताना त्यात उभी दांडी बसवणं परवडणारं नव्हतं. योकोईंनी चार दिशांची चपटी फुली बसवली. चाळीस वर्षं उलटून गेली, इतकी साधी आणि इतकी नेमकी दुसरी गोष्ट या धंद्यात निघालेली नाही.

पुढच्याच वर्षी निन्टेन्डोचा फॅमिकॉम आला. त्याच्या दुसऱ्या रिमोटवर स्टार्ट-सिलेक्टची बटणं नव्हती, त्यांच्याऐवजी चक्क माइक होता. 'झेल्डा'च्या जपानी आवृत्तीत त्या माइकमध्ये ओरडलं की लांब कानांचे राक्षस मरायचे. धाकट्या भावाच्या हातात दुसरा रिमोट कोंबायची रीत जगभर सारखीच असणार. जपानी धाकट्यांना निदान बोंबलायला तरी मिळत होतं.

आपल्याकडे 'मायक्रो जीनियस', 'लिटल मास्टर' अशा नावांनी आलेले डबे याच फॅमिकॉमच्या नकला. सोबत पिवळी कॅसेट आणि तिच्यावर '९९९९९९९ इन १' असा बाणा. आत गेम मूठभरच; तोच मारिओ कधी पहिल्या लेव्हलपासून, कधी मधूनच सुरू व्हायचा आणि यादीत वेगवेगळ्या नावानं मिरवायचा. कॅसेट चालेना की फुंकर मारायची, हे शास्त्र तर कुणी न शिकवता सगळ्यांना यायचं. खरं म्हणजे फुंकरीनं काही होत नव्हतं. कॅसेट काढून पुन्हा बसवली की पिनांचा जोड नीट लागायचा, श्रेय फुंकर घ्यायची आणि तोंडातला ओलावा पिना गंजवत बसायचा.

बघणारी बंदूक

'डक हंट'च्या बंदुकीतून काही बाहेर जात नव्हतं. उलट ती टीव्हीकडे बघत होती. घोडा ओढला की डोळ्याचं पातं लवायच्या आत पडदा काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. नळीतल्या प्रकाश ओळखणाऱ्या तुकड्याला तो चौकोन दिसला की बदक खाली. जुन्या पोटवाल्या टीव्हीवर हे सगळं वेळच्या वेळी घडायचं. चपटे टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतात, म्हणून भिंतीवर नवा टीव्ही चढला आणि घराघरांतल्या बंदुका एका रात्रीत निकामी झाल्या.

आणखी दोन गोष्टी. साधा रिमोट जोडला तर एका बदकाच्या डावात बदक कुठं उडेल हे दुसऱ्या खेळाडूला ठरवता येतं. आणि नेम चुकला की खिदळणारं ते कुत्रं घरच्या गेममध्ये काही केल्या मरत नाही, पार्लरच्या मशिनवरच्या बोनस डावात मात्र गोळी लागते. ज्यानं हे ठरवलं त्याला माणसाच्या मनातलं कळत होतं.

वर वर खाली खाली

'कॉन्ट्रा'त तीस लाइफ मिळवायची किल्ली तोंडपाठ नाही असा आमच्या पिढीचा माणूस दाखवा. वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी ए. ती मुळात 'कॉन्ट्रा'ची नाहीच. कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ च्या 'ग्रेडियस'साठी ती स्वतःच्या सोयीनं घातली होती. गेम तपासायचं काम त्यांचं, आणि गेम त्यांनाच झेपेना! काम झाल्यावर काढायची ती राहून गेली आणि लोकांना सापडली. हाशिमोतो २०२० मध्ये वारले.

मुस्तफा

ज्याला आपण 'मुस्तफा' म्हणतो त्या गेमचं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स'. कॅपकॉम, १९९३, मूळ मार्क शुल्ट्झ यांचं 'झेनोझोइक टेल्स' हे कॉमिक. नायक जॅक. पण पिवळी टोपी घालून पळत येत लाथ घालणारा मुस्तफा कैरो हाताशी असताना जॅकला कोण विचारतो? पार्लरच्या दांडीवर खेळण्यासारखा याहून चांगला गेम नाही. घरी फुलीवर खेळून बघा, निम्मी मजा गळून जाते.

सेव्ह करायच्या आत वीज गेली

एमकेसीएल २००१ साली स्थापन झालं, एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगाव निघाले आणि खेड्यापाड्यांतल्या पोरांचा हात पहिल्यांदा माउसवर पडला. तिथं सर बाहेर गेले की सॉलिटेअर. यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नव्हतं, कारण मायक्रोसॉफ्टनं १९९० मध्ये सॉलिटेअर विंडोजमध्ये घातला तोच मुळी लोकांना माउसनं वस्तू धरून ओढायला शिकवण्यासाठी. लिहिला होता वेस चेरी नावाच्या तिथल्या शिकाऊ पोरानं. थोडक्यात, आम्ही अभ्यासक्रमच पुरा करत होतो.

मग 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. राजकुमार इतका खऱ्यासारखा पळतो-लटकतो, कारण जॉर्डन मेकनरनं आपल्या धाकट्या भावाला पळायला-उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि एकेक चौकट उतरवून घेतली. गेम १९८९ चा. राजकुमारीला सोडवायला ६० मिनिटं. साठ मिनिटं सलग वीज असणं, ही करमाळा तालुक्यात या गेमची आगाऊ लेव्हल होती.

त्याहून कहर २००० चा 'प्रोजेक्ट आयजीआय'. नॉर्वेच्या इनरलूप कंपनीचा. मिशनच्या मध्ये सेव्ह करायची सोयच नाही. शेवटच्या टॉवरवरचा पहारेकरी टिपला, आता दारापर्यंत जायचं, आणि भारनियमन सुरू. पुन्हा पहिल्या कुंपणापासून. नॉर्वेत बसून गेम करणाऱ्यांना आठवड्याच्या वेळापत्रकानं वीज जाते ही कल्पनाच नसावी. आमच्याकडे मात्र कुणी हा गेम पुरा केला म्हणाला की पहिला प्रश्न यायचा, तुमच्याकडं इन्व्हर्टर आहे काय?

कीबोर्डवर डाव्या हाताची तीन बोटं डब्ल्यू-ए-एस-डीवर ठेवायची सवयही कुणीतरी लावलेली आहे. एकट्याच्या डोक्यातून ती निघाली नाही, पण तिचा बोलबाला झाला तो डेनिस फाँग या अमेरिकी पोरामुळं. १९९७ मध्ये 'क्वेक'ची स्पर्धा जिंकून त्यानं गेमचे कर्ते जॉन कार्मॅक यांची फेरारी पटकावली, आणि जग त्याची बोटं बघून आपली बोटं ठेवायला लागलं. 'व्हाइस सिटी'च्या चीट टाइप करायला तर कीबोर्डच हवा. इंग्रजीच्या पेपरात स्पेलिंगला लाल रेघा ओढून घेणारी पोरं 'लीव्ह मी अलोन' डोळे झाकून बिनचूक टाइप करायची, पोलीस गायब व्हायचे.

आणि 'ईए क्रिकेट ०७'. २००६ च्या शेवटी आलेला हा गेम अजून खेळला जातो. हौशी मंडळी नवे संघ, नवे गणवेश बसवून तो जिवंत ठेवतात. क्रिकेटचा हा आपला लाडका गेम बनवला कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या एचबी स्टुडिओजनं, जिथं हिवाळाभर बर्फ.

गोल म्हणजे हो

प्लेस्टेशनच्या रिमोटवरच्या खुणा तेइयू गोतो यांच्या. त्रिकोण म्हणजे नजर, चौकोन म्हणजे कागद, गोल म्हणजे हो, फुली म्हणजे नाही. जपानी माणसं खरोखर गोल दाबून 'हो' म्हणायची, बाकीचं जग मात्र फुली दाबून. शेवटी २०२० च्या प्लेस्टेशन ५ बरोबर जपानलाही फुली मान्य करावी लागली.

रिमोटचा सगळ्यात मोठा चावटपणा १९९८ च्या 'मेटल गिअर सॉलिड'मध्ये आहे. त्यातला सायको मँटिस तुमच्या मनातलं ओळखतो. रिमोट जमिनीवर ठेवायला सांगतो आणि आपल्या शक्तीनं हलवून दाखवतो (आतल्या थरथरणाऱ्या मोटारी, दुसरं काय). मारामारीत तो तुमचा प्रत्येक वार आधीच चुकवतो. उपाय? रिमोटची वायर काढून दुसऱ्या भोकात लावायची. मग त्याला तुमचं मन वाचता येत नाही! इतक्या वर्षांत मला याहून सुंदर कोडं भेटलेलं नाही.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०) मात्र सरळ रिमोट घेऊन खेळावा. मधल्या गोष्टी सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितल्या आहेत, वाडे-महाल राजस्थानी वळणाचे. गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं होतं. छोटा आहे, लढाई थोडी ढिली आहे, पण खेळताना मान ताठ होते.

विकत घेणाऱ्यांसाठी एक: रिमोटची काठी हात न लावता आपोआप सरकायला लागते ती झिजेमुळं. आत घासून चालणारा भाग असतो, त्यात आपल्याकडची धूळ गेली की संपलं. निन्टेन्डोच्या अध्यक्षांना याच दुखण्यावरून २०२० मध्ये माफी मागावी लागली. लोहचुंबकावर चालणारी, 'हॉल इफेक्ट' लिहिलेली काठी घासत नाही म्हणून झिजत नाही. हे नवं संशोधन म्हणून विकतात. सेगाच्या ड्रीमकास्टमध्ये १९९८ सालीच होतं.

काच

आता मोबाईल. पब्जी २ सप्टेंबर २०२० ला ११७ इतर ॲपांसोबत बंद झाला, २ जुलै २०२१ ला बीजीएमआय होऊन परत आला, २०२२ मध्ये पुन्हा गेला, २०२३ मध्ये पुन्हा आला. एवढ्या ये-जामध्ये एक गोष्ट कायम राहिली: काचेला कड नाही, खाच नाही, बोट कुठं आहे हे बोटाला कळत नाही. दोन अंगठ्यांनी खेळलात तर उजव्या अंगठ्यानं एकतर नेम धरायचा, नाहीतर गोळी घालायची. म्हणून पोरांनी तर्जन्या वर घेतल्या आणि खेकड्याचा आकडा केला, तोच क्लॉ. मला काच आवडत नाही, पण या आकड्याला मी मानतो. वस्तू बदलता येत नाही तिथं हात बदलला.

हेच अमेरिकेत टेट्रिसवाल्यांनी केलं. निन्टेन्डोच्या जुन्या टेट्रिसमध्ये पुढं पुढं ठोकळे इतके वेगानं पडतात की अंगठा पुरत नाही. मग कुणीतरी अंगठा फुलीवर नुसता टेकवला आणि दुसऱ्या हाताची बोटं रिमोटच्या पाठीवर ढोलकीवर नाचवावीत तशी नाचवली. बटण अंगठ्याकडं येऊन आपटतं. याच युक्तीनं २१ डिसेंबर २०२३ ला ओक्लाहोमातल्या १३ वर्षांच्या मुलानं १५७ व्या लेव्हलला गेमच गोठवला. तोवर तो गेम माणसाकडून असा हरलेला नव्हता.

एक बोटाचा खेळ राहिलाच. २०२५ च्या जुलैमध्ये राज्याचे तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्यावर विधान परिषदेत मोबाईलवर रमी खेळल्याचा आरोप झाला. त्यांनी तो नाकारला. महिनाअखेर त्यांचं कृषी खातं गेलं आणि मिळालं ते क्रीडा खातं. कृषी आलं उजनीच्या पलीकडं, इंदापूरच्या दत्तात्रय भरणेंकडं. ऑगस्टमध्ये संसदेनं पैशांचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदाच केला. यावर आमच्याकडे जे बोललं गेलं ते छापण्यासारखं नाही.

पाणबुडी, आगगाडी, ऊस

२०१८ मध्ये अमेरिकी नौदलात दाखल झालेल्या 'कोलोरॅडो' पाणबुडीचा डोळा एक्सबॉक्सच्या रिमोटनं फिरतो. आधीचं यंत्र ३८ हजार डॉलरचं, हा रिमोट ३० डॉलरच्या आतला, आणि नव्या खलाशाला शिकवायला लागत नाही.

रेल्वेवेड्यांसाठी जपानी 'देन्शा दे गो' (१९९६) आहे: आगगाडीचा खराखुरा वाटणारा दांडा ओढायचा आणि गाडी ठरल्या सेकंदाला, ठरल्या खुणेवर उभी करायची. स्टेशनाच्या गावात राहणाऱ्यानं खेळावा असा, फक्त आपल्या गाड्यांची सवय विसरून.

आणि माझा सध्याचा मुक्काम, 'फार्मिंग सिम्युलेटर'. स्वित्झर्लंडचा गेम, पहिला २००८ मध्ये आला. त्याच्यासाठी स्टिअरिंग आणि लोडरच्या दांड्यांचा वेगळा संच मिळतो. घरचा ट्रॅक्टर उभा ठेवून पोरगं हा ट्रॅक्टर चालवतंय म्हणून शिव्या खाणारे आमच्याकडे बरेच निघतील. म्हशी यायला २०२४ उजाडलं, भातही तेव्हाच. ऊस मात्र २०१७ पासून आहे. आदिनाथ आणि मकाई या दोन कारखान्यांच्या तालुक्यातला माणूस म्हणून मी तो आधी लावला. तोडणीयंत्र आहे, ट्रॉल्या आहेत. पण गेम बनवणाऱ्यांनी अभ्यास कमी केला. ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ प्रमाणं एफआरपीचे, म्हणजे उसाच्या ठरलेल्या किमान भावाचे, पैसे कारखान्यानं १४ दिवसांत द्यायचे असतात, आणि ते कसे येतात हे इथं पोराटोरांना माहीत आहे. त्या गेममध्ये ट्रॉली रिकामी केली की त्याच क्षणी पैसे खात्यावर!