सिमल्याच्या वाटेवरचे साठ दिवस

प्रभादेवी, परळ, लालबाग या गिरण्यांच्या पट्ट्यात मे महिन्याची सुट्टी म्हणजे गावी जाणे, असा विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत जवळजवळ नियमच होता. गावात घर होते, माणसे होती आणि आंबे-फणसही होते. त्यामुळे एसटीचे किंवा त्याआधीच्या काळात भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटीचे तिकीट मिळाले की सुट्टीचे नियोजन संपत असे. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, चाळींच्या जागी मनोरे उठले आणि 2018 मध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे नावही प्रभादेवी झाले. त्याच वर्षांत इथल्या नोकरदार कुटुंबांची सुट्टी गावाकडून डोंगरावरच्या शहरांकडे, म्हणजे पूर्वी साहेबाने स्वतःच्या गारव्यासाठी वसवलेल्या महाबळेश्वर, माथेरान, सिमला यांसारख्या ठिकाणांकडे वळू लागली. गाव अर्थात सुटले नाही. ते शिमगा आणि गणपती यांच्यापुरते उरले.

या स्थलांतरामागे एक काम उभे असते आणि त्याला कोणी काम म्हणत नाही. जानेवारी उजाडला की मराठी वृत्तपत्रांत सहल कंपन्यांच्या पानभर जाहिराती येऊ लागतात आणि त्यांत हसरी कुटुंबे बर्फात उभी असतात, पण ती तिथवर कोणाच्या हिशेबाने पोचली हे जाहिरातीत दिसत नाही. तो हिशेब पाहण्यासाठी प्रभादेवीतल्या एका घरातली तयारी जवळून न्याहाळली, तेव्हा असे आढळले की आठ माणसांच्या सहलीचे जवळजवळ सगळे नियोजन घरातली थोरली सून एकटीच करते, आणि तेही स्वतःची नोकरी सांभाळून, रात्रीची भांडी आवरल्यावर, स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाच्या पानावर पेन्सिलीने खुणा करत. पेन्सिल अशासाठी, की यातली प्रत्येक तारीख खोडावी लागणार हे तिला आधीच ठाऊक असते.

बाहेरच्याला वाटते की नियोजनाची सुरुवात ‘कुठे जायचे’ या प्रश्नापासून होते. प्रत्यक्षात ती ‘कोण कधी मोकळे’ या प्रश्नापासून होते. राज्य मंडळाच्या शाळेतल्या मुलांची परीक्षा एप्रिलमध्ये संपते आणि शाळा जूनच्या मध्यावर उघडते. दुसऱ्या मंडळाच्या शाळेत जाणाऱ्या चुलत भावंडांचे नवे वर्ष मात्र एप्रिलमध्येच सुरू झालेले असते आणि त्यांची सुट्टी नंतर लागते. धाकट्या दिराला खासगी कंपनीत सलग आठवड्याहून जास्त रजा मिळत नाही. सासऱ्यांच्या डोळ्यांची तपासणी ठरलेली असते. एवढे सगळे वजा करत गेल्यावर अख्ख्या मे महिन्यातून पहिल्या पंधरवड्यातला एक लहानसा तुकडा हाती लागतो आणि मग त्या तुकड्यात बसेल असा डोंगर शोधला जातो. घरात सगळ्यांत कमी रजा ज्याची, तोच सहलीचा खरा सूत्रधार असतो, जरी त्याने एकही फोन केलेला नसला तरी.

सिमला ठरण्यामागेही निसर्गप्रेमाइतकाच एक सरकारी नियम होता. घरातला थोरला मुलगा केंद्र सरकारच्या सेवेत असल्याने त्याला रजा-प्रवास सवलत मिळते. कर्मचाऱ्याला रजेच्या काळातील प्रवासाचे भाडे सरकार देते, अशी ही योजना असून चार वर्षांच्या एका गटात दोनदा स्वग्रामी जाता येते आणि त्यांतल्या एका फेरीऐवजी भारतात कुठेही जाण्याची मुभा असते. कुडाळजवळच्या गावी हे कुटुंब स्वखर्चानेही जाऊ शकते, मग सरकारी भाडे कोकणात कशाला घालवायचे, असा साधा व्यवहार त्यामागे होता. ही सवलत फक्त प्रवासाच्या भाड्याची असते. राहणे, जेवणे आणि स्थळदर्शन यांचा खर्च पदरचा असतो, आणि तो हिशेब पुन्हा कालनिर्णयाच्याच मागच्या बाजूला.

यानंतर येतो तो साठ दिवसांचा आकडा, जो या घरात तयारीच्या काळात येता-जाता ऐकू येत होता. रेल्वेचे आगाऊ आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी खुले होत असे आणि 1 नोव्हेंबर 2024 पासून ती मुदत, प्रवासाचा दिवस वगळून, 60 दिवसांवर आली. 3 मे रोजी निघायचे तर 4 मार्चला सकाळी आठ वाजता, म्हणजे मुलांची परीक्षा डोक्यावर असताना आणि कोकणात शिमग्याचे ढोल वाजण्याच्या दिवसांत, आरक्षणाला बसावे लागते. त्यातली खरी मेख परतीच्या तिकिटात आहे. परतीची गाडी आठवड्यानंतरची असल्याने तिचे आरक्षण त्या दिवशी उघडतच नाही, आणि जायचे तिकीट हाती असताना यायच्या तिकिटाची आठवडाभर वाट पाहत राहावे लागते. ‘साठ दिवस जायचे वेगळे आणि साठ दिवस यायचे वेगळे,’ असे त्या सुनेने एकदा कोरडेपणाने म्हटले, आणि रेल्वेचा नियम याहून नेमका सांगता येणार नाही.

आठ माणसांचे तिकीटही एक नसते, कारण एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात. वरवर पाहता सहा आणि दोन अशी विभागणी पुरेशी वाटते, पण त्यातही विचार लागतो. साठ वर्षांवरील पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा जो राखीव कोटा असतो, तो असा प्रवासी एकटा किंवा त्याच्यासारख्याच दुसऱ्या प्रवाशासोबत तिकीट काढतो तेव्हाच उपयोगी पडतो. म्हणून ‘आई, तुमचं आणि बाबांचं तिकीट मी वेगळंच काढते’ हे वाक्य सासूबाईंना आधी जरा लागले, मग समजले. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली ती पुन्हा सुरू झालेली नाही, त्यामुळे निदान गुडघ्यांची सोय तरी पदरात पडावी, एवढाच त्यामागचा हेतू.

हॉटेलची चौकशी, औषधांची यादी, शेजाऱ्यांकडे किल्ली हे सगळे नेहमीप्रमाणे उरकते. लक्षात राहतो तो माळा. मुंबईत लोकरीच्या कपड्यांना कामच नसल्यामुळे स्वेटर, कानटोप्या आणि मफलर वर्षानुवर्षे माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत पडून असतात आणि एप्रिलच्या घामट दुपारी ती ट्रंक खाली उतरवून उघडली की डांबरगोळ्यांचा वास पुढच्या खोलीपासून जिन्यापर्यंत पसरतो. त्या वासाने घरातल्या बाकीच्यांना सहल खरी वाटू लागते. पेन्सिल धरणारी मात्र त्यातून कोणता स्वेटर कोणाला आखूड झाला, कोणता खालच्या मजल्यावरून मागून आणायचा आणि कोणता परत द्यायचा राहिला आहे, हेच पाहत असते. घामाने भिजलेल्या हातांनी लोकर उन्हात घालणारी ही बाई विश्रांतीची तयारी करते आहे, असे म्हणणे अवघड जाते.

याला पर्याय नाही असे नाही. माहीम-दादर परिसरात सहल कंपन्यांची कार्यालये आहेत. 1984 पासूनची केसरी आणि 2013 मध्ये सुरू झालेली वीणा वर्ल्ड यांनी मराठी मध्यमवर्गाला सोबत सहल व्यवस्थापक आणि ओळखीचे जेवण देऊन हिमालय सोपा करून दिला आहे. एकदा पैसे भरले की बर्थ, खोली आणि नाश्ता यांची चिंता दुसऱ्याची होते. पण या घराच्या जमाखर्चात आठ जणांचे ते दर बसेनात, आणि थोरल्या सुनेचे श्रम कोणत्याच रकान्यात येत नसल्यामुळे स्वतः आखलेली सहल नेहमी स्वस्तच दिसली. तिच्या रात्रींची किंमत धरली असती, तर कदाचित कंपनीचा दरही परवडण्याजोगा ठरला असता.

सिमल्याचा विचार या आखणीत उशिरा आणि अपुरा येतो. कालका ते सिमला ही 1903 मध्ये सुरू झालेली अरुंद रुळांची रेल्वे सुमारे 96 किलोमीटरच्या वाटेत 102 बोगदे ओलांडते आणि 2008 पासून जागतिक वारशात गणली जाते. तिच्या छोट्या डब्यांत आठ जागा एकत्र मिळवण्यासाठी पुन्हा तोच साठ दिवसांचा खटाटोप करावा लागतो. शहराचा मुख्य रस्ता, म्हणजे मॉल, सर्वसाधारण वाहनांना बंद असून तो खालच्या कार्ट रोडपेक्षा बराच उंचावर आहे. तिथे चढण्यासाठी पर्यटन महामंडळाची दोन टप्प्यांची लिफ्ट आहे, ही माहिती सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी मिळवलेली. पण 2018 च्या मे महिन्यात याच शहरात पाण्याचा असा दुष्काळ पडला होता की काही वस्त्यांत कित्येक दिवस नळ कोरडे राहिले, उच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले आणि पर्यटकांनी येऊ नये असे आवाहन तिथल्याच रहिवाशांनी केले, याची चौकशी यादीत नव्हती. चाळीत असताना पहाटे नळाची वेळ सांभाळलेल्या सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, की मग आपल्याला रोज अंघोळीला पाणी देणार ते कोणाच्या वाटणीचे. या प्रश्नाला नियोजनात जागा सापडली नाही. हॉटेलवाल्याने ‘चोवीस तास गरम पाणी’ असे फोनवर सांगितले आणि तेवढी नोंद झाली.

सहल संपल्यावरही काम संपत नाही. आगाऊ रक्कम उचललेली असेल तर परतीच्या प्रवासानंतर एका महिन्याच्या आत रजा-प्रवास सवलतीचे देयक कार्यालयात सादर करावे लागते. त्यासाठी तिकिटांच्या प्रती जुळवायच्या, भाड्याची बेरीज करायची आणि कोण कोण सोबत होते ते नात्यासह लिहायचे. अर्जावर सही थोरल्या मुलाची असते, पण रकाने भरलेले अक्षर त्याचे नसते.