पोत ओळखणारे यंत्र

कापडाच्या दुकानात आपण लुगड्याचा रंग नजरेने पाहतो. पण पोत कळण्यासाठी ते बोटांत धरून पाहतो. शेतकरीही मातीचा पोत मुठीत घेऊन सांगतो. मग ज्याला ना बोटे ना मूठ, अशा यंत्राला पोत कसा कळावा? अमेरिकन संशोधक रॉबर्ट हॅरालिक यांच्या संशोधनाचा आरंभीचा काळ या प्रश्नाने व्यापलेला होता.

जुलै १९७२ मध्ये अमेरिकेने पहिला लँडसॅट उपग्रह सोडला. त्याच्या चित्रातील एक ठिपका म्हणजे सुमारे ८० मीटर लांबी-रुंदीची जमीन. संगणकाला मिळतात ते केवळ अशा ठिपक्यांच्या उजळपणाचे आकडे. तेवढ्यावरून रान कोणते, वस्ती कोणती, बागायत कोणती, हे ओळखणे कठीण. कारण भिन्न जमिनींचे आकडे पुष्कळदा सारखे येतात.

बुद्धिबळाचा पट डोळ्यांसमोर आणा. ३२ घरे काळी, ३२ पांढरी. आता दुसरा पट असा करा, की डावी बाजू सबंध काळी आणि उजवी सबंध पांढरी. घरांची मोजदाद तीच, पण चित्र निराळे! आडव्या ओळींत शेजारशेजारच्या घरांच्या जोड्या दोन्हीकडे ५६ च. पहिल्या पटात त्या साऱ्या काळ्या-पांढऱ्या. दुसऱ्यात तशा फक्त ८, उरलेल्यांपैकी २४ काळ्या-काळ्या व २४ पांढऱ्या-पांढऱ्या. म्हणजे भेद घरांत नसून शेजारात आहे.

कॅन्सस विद्यापीठातील हॅरालिक, शण्मुगम आणि डिनस्टाइन यांच्या १९७३ च्या निबंधाचे मर्म हेच होय. कोणती छटा कोणत्या छटेशेजारी किती वेळा येते, याचे कोष्टक मांडून त्यांनी पोताची १४ गणिती लक्षणे सांगितली. उजळपणाचे आकडे आणि पोत यांची सांगड घालता उपग्रहचित्रांतील ७ प्रकारच्या जमिनी ८३ टक्के अचूकतेने ओळखता आल्या. सूक्ष्मदर्शकाखालील वालुकाश्माचे ५ प्रकार ८९ टक्के. आकाशातून पाहा वा सूक्ष्मदर्शकातून, रीत एकच!

१९६९ साली कॅन्ससहूनच डॉक्टरेट मिळविलेले हॅरालिक पुढे व्हर्जिनिया टेक, वॉशिंग्टन विद्यापीठ आणि न्यूयॉर्कचे सिटी विद्यापीठ येथे प्राध्यापक झाले. जमिनीच्या चित्रांपासून निघालेला त्यांचा मार्ग यंत्राच्या एकूण दृष्टीकडे वळला. लिंडा शपीरो यांच्यासह त्यांनी या विषयावर लिहिलेला ग्रंथ १९९२-९३ मध्ये दोन खंडांत निघाला. त्यांची लक्षणे वैद्यकीय चित्रांतील गाठींचा पोत मोजण्यासाठीही वापरली जातात.

आजची संगणकीय जाळी स्वतःच लक्षणे शोधतात आणि अनेकदा अधिक अचूक ठरतात. परंतु असा निर्णय का दिला, हे त्यांच्याकडून उमजून घेणे अवघड. १०० पैकी १७ वेळा चुकणाऱ्या त्या जुन्या पद्धतीत चूक कोठे झाली, हे कागदावर पडताळता येत असे. निर्णय कुणाच्या शेताविषयी वा शरीरातील गाठीविषयी असेल, तर ही सोय लहान नव्हे.

आणि आपल्यासारख्या भाषेच्या विद्यार्थ्यांना यात परके असे काय आहे? 'डोळ्यांतले पाणी', 'तलवारीचे पाणी' आणि 'तोंडचे पाणी' यांतला फरक आपण तरी शेजारच्या शब्दावरूनच ओळखतो ना?