चरित्रसंशोधन आणि ग्रंथालय : डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रसाधनांच्या अनुषंगाने

चरित्रविषयक प्रबंधास आरंभ करणारा विद्यार्थी बहुधा चरित्रविषय झालेल्या व्यक्तीसंबंधीचा सर्वांत अलीकडचा ग्रंथ प्रथम हाती घेतो, त्यावरून जीवनक्रमाचा आराखडा तयार करतो आणि मग ग्रंथालयात जातो तो त्या आराखड्यास पुष्टी देणारी अवतरणे मिळविण्यासाठी. हा क्रम उलटा आहे. अशा रीतीने जो शोध घेतला जातो त्यात ग्रंथालय साक्षीदार न राहता केवळ होयबा बनते. साधनांचा क्रम काळाच्या ओघात मागे मागे जात लावला, कोणते साधन कोणी, कोणासाठी, कोणत्या भाषेत व घटनेनंतर किती काळाने लिहिले हे प्रत्येक ठिकाणी विचारले, तर परिचित चरित्रही किती अपरिचित ठरते, याचे डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) यांचे चरित्र हे चांगले उदाहरण आहे.

मराठी वाचकास आनंदीबाई प्रथम भेटतात त्या श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीतून. अलीकडच्या पिढीस त्याच नावाच्या २०१९ मधील चित्रपटातून. कादंबरीकाराने कादंबरी लिहिली यात त्याचा काही दोष नाही. दोष आहे तो कादंबरीतील संवाद तळटीपेत पुरावा म्हणून देणाऱ्या अभ्यासकाचा. बंद खोलीतील पतिपत्नींचे शब्द कोणत्याही कागदपत्रात जसेच्या तसे उतरलेले नसतात, एवढे भान ठेवले तरी पुष्कळ गोंधळ टळेल.

शोधाची पहिली पायरी म्हणजे सूची. शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ आणि सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा अर्वाचीन चरित्रकोश ही दोन साधने प्रत्येक मोठ्या मराठी ग्रंथालयात हाताशी असतात. तेथून निघाल्यास निदान कोणते ग्रंथ पाहावयाचे याचा अंदाज येतो. पण परदेशी ग्रंथालयाच्या तालिकेत आनंदीबाई सहजासहजी सापडत नाहीत. त्यांचे माहेरचे नाव यमुना. इंग्रजी लेखनात त्यांचे नाव ‘आनंदाबाई’ असेही आढळते आणि आडनावाच्या अंती एका अक्षराऐवजी ‘ई’ हे रोमन अक्षर दोनदा येते. शुक्र ग्रहावरील एका विवरास आनंदीबाईंचे नाव देण्यात आले आहे, तेही याच वर्णलेखनाने. अशी निरनिराळी रूपे आधी एका कागदावर मांडून मगच तालिका उघडावी. अन्यथा ‘साधन उपलब्ध नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि तो साधनाविषयी नसून वर्णलेखनाविषयी असतो.

प्राचीनतम चरित्रग्रंथ दोन. अमेरिकन लेखिका कॅरोलाइन हीली डॉल यांचे इंग्रजी चरित्र १८८८ साली, म्हणजे आनंदीबाईंच्या मृत्यूच्या दुसऱ्याच वर्षी, बॉस्टनमध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या मुखपृष्ठावरच आनंदीबाईंचा परिचय पंडिता रमाबाईंच्या आप्त म्हणून करून दिला आहे. हे उपशीर्षक लक्षपूर्वक वाचावयास हवे. अमेरिकन वाचकवर्गास त्या वेळी कोणते नाव अधिक परिचित होते आणि ग्रंथ कोणासाठी सिद्ध झाला, हे त्यावरून कळते. दुसरे चरित्र काशीबाई कानिटकर यांचे. काशीबाई (१८६१–१९४८) आनंदीबाईंच्या समवयस्क, त्याच समाजातल्या, घरी राहून पतीच्या इच्छेने लिहावयास शिकलेल्या. जी गोष्ट डॉल यांना समजावून सांगावी लागते ती काशीबाईंना ठाऊकच आहे. उलट जी गोष्ट काशीबाईंना उघड बोलणे जड जाते ती बॉस्टनच्या लेखिकेस तितकी जड जात नाही. दोन्ही ग्रंथ समोरासमोर ठेवून वाचल्याशिवाय यांतील कोणतेही मौन ओळखू येत नाही.

या दोन्ही ग्रंथांचे खरे मोल त्यांत उद्धृत झालेल्या पत्रांत आहे. न्यू जर्सीतील रोसेल येथील श्रीमती कार्पेंटर यांना आनंदीबाई इंग्रजीत लिहीत आणि त्यांना मावशीच्या नात्याने संबोधीत. गोपाळरावांना त्या मराठीत लिहीत. पहिल्या पत्रांत आपल्या देशाच्या चालीरीतींची बाजू परक्या पण मायाळू स्त्रीपुढे मांडणारी तरुणी दिसते. दुसऱ्या पत्रांत मात्र लहानपणी अभ्यासापायी पतीकडून सोसाव्या लागलेल्या मारहाणीचा उल्लेखही येतो, आणि तो अमेरिकेतून, दूर गेल्यानंतर केलेला आहे. गोपाळरावांना केवळ उदारमतवादी सुधारक किंवा केवळ जुलमी नवरा ठरविणारी चरित्रे या दोहोंपैकी एकाच पत्रव्यवहारावर उभी असतात. येथे भाषेचाही प्रश्न आहे. श्रीरामपूर (बंगाल) येथील महाविद्यालयात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी अमेरिकेस जाण्याची कारणे सांगणारे जे भाषण केले ते इंग्रजीत होते. मराठी ग्रंथांत ते ज्या शब्दांत वाचावयास मिळते ते शब्द अनुवादकाचे आहेत. आनंदीबाईंच्या मराठी शैलीविषयी त्यावरून अनुमान काढणे चुकीचे; इंग्रजी ग्रंथातून त्यांच्या मराठी पत्रांचे अवतरण घेऊन ते पुन्हा मराठीत आणणे तर त्याहून चुकीचे. मूळ पत्र ज्या भाषेत आहे त्याच भाषेत ते उद्धृत व्हावयास हवे.

ग्रंथांपेक्षा मागे जावयाचे म्हणजे नियतकालिकांकडे वळावयाचे. कोल्हापुरात पूर्वी काम केलेले मिशनरी रॉयल वाइल्डर हे १८७८ पासून प्रिन्स्टन येथून ‘मिशनरी रिव्ह्यू’ हे नियतकालिक चालवीत. पत्नीच्या शिक्षणाची अमेरिकेत सोय होईल काय, असे विचारणारे गोपाळरावांचे पत्र त्यांनी त्यात छापले आणि सोबत ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याचे सुचविणारे आपले उत्तरही दिले. १८८० मध्ये दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असता तो अंक श्रीमती कार्पेंटर यांच्या हाती पडला, ही हकीगत सर्व चरित्रकार रंगवून सांगतात. पण पत्र व उत्तर एकाच अंकात एकत्र वाचले म्हणजे त्या हकीगतीस निराळाच अर्थ येतो. मदतीचा पहिला प्रस्ताव धर्मांतराच्या सूचनेसह छापला गेला होता, आणि श्रीरामपूरच्या भाषणात आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ असे जे आनंदीबाईंनी जाहीरपणे सांगितले त्यास ही पार्श्वभूमी होती.

मराठी वृत्तपत्रांच्या जुन्या फायली चाळणे हे कष्टाचे काम, म्हणून ते टाळले जाते. वास्तविक तारीख निश्चित असेल तर हे काम फार आटोपशीर होते. आनंदीबाईंचे निधन पुण्यात २६ फेब्रुवारी १८८७ रोजी झाले. तो शनिवार होता. ‘केसरी’ तेव्हा साप्ताहिक असून मंगळवारी निघे. तेव्हा शोधास प्रारंभ १ मार्चच्या अंकापासून करावयाचा. असा साधा हिशेब न करता सबंध वर्षाची फाइल मागविणारे विद्यार्थी दोन दिवसांत कंटाळतात. ‘ज्ञानप्रकाश’, ‘इंदुप्रकाश’ आणि ‘ज्ञानोदय’ यांनाही हीच रीत लागू पडते. ज्यांच्या फायली खंडित आहेत अशा पत्रांच्या बाबतीत मुंबई सरकारने तयार करविलेले देशी वृत्तपत्रांचे साप्ताहिक गोषवारे उपयोगी पडतात. मात्र ते सरकारी नोकराने सरकारसाठी इंग्रजीत केलेले सार आहे, मूळ मजकूर नव्हे. त्यांचा उपयोग वाटाड्यासारखा करावा.

जन्मस्थळाचा वाद यापेक्षा लहान, पण बोधप्रद आहे. काही ठिकाणी कल्याण, काही ठिकाणी पुणे असा उल्लेख सापडतो. घराणे कल्याणचे असल्याने जन्मही तेथलाच, असे गृहीत धरणे सोपे असते. परंतु बाळंतपण आईच्या माहेरी करण्याची चाल लक्षात घेता घराण्याचे गाव आणि जन्मगाव एकच असेल असे मुळीच नाही.

सर्वांत अधिक काळजी ‘पहिली’ या विशेषणाबाबत घ्यावी लागते. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी आनंदीबाईंना ११ मार्च १८८६ रोजी मिळाली. समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. त्याच १८८६ साली कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातून कादंबिनी गांगुली यांनीही पात्रता मिळविली, आणि त्यांनी पुढे प्रत्यक्ष वैद्यकव्यवसाय केला. आनंदीबाईंची कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागावर नेमणूक केली होती, हे खरे. पण त्या स्वदेशी पोहोचल्या १८८६ च्या नोव्हेंबरात आणि क्षयाने तीन-साडेतीन महिन्यांतच त्यांचा अंत झाला. नेमणुकीचा कागद म्हणजे केलेली सेवा नव्हे. कोल्हापुरात त्यांनी रुग्ण तपासले असे सांगणारी चरित्रे हा एवढाच भेद विसरतात. आनंदीबाईंचे कर्तृत्व यामुळे उणे होत नाही. केवळ विशेषणापुढे ‘कोठे’ व ‘कशात’ हे शब्द भरावे लागतात.

रमाबाईंचा उल्लेख आला म्हणून सांगावयाचे ते असे की, त्यांच्या १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीच्या इंग्रजी ग्रंथास महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडली यांची प्रस्तावना आहे आणि तीत आनंदीबाईंविषयीचा मजकूर आहे. शिक्षिकेने विद्यार्थिनीच्या मृत्यूनंतर लगेच लिहिलेले हे साधन दुसऱ्याच व्यक्तीच्या ग्रंथात दडलेले असल्यामुळे आनंदीबाईंच्या नावाखाली ते कोणत्याच तालिकेत दिसत नाही.

महाविद्यालयाचे दप्तर आज फिलाडेल्फियातील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. जपानच्या के ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली यांच्यासमवेत १० ऑक्टोबर १८८५ रोजी घेतलेले आनंदीबाईंचे छायाचित्र तेथलेच. ते जगभर छापले गेले आहे. त्या मानाने त्याच संग्रहातील त्यांच्या पदवी-प्रबंधाकडे फारच थोड्यांचे लक्ष गेले. ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ हा त्याचा विषय. पत्रे पतीस किंवा मावशीस लिहिलेली, भाषण विरोधकांना उद्देशून केलेले; परीक्षकांसमोर विद्वानाच्या भूमिकेतून आनंदीबाईंनी सलगपणे लिहिलेला मजकूर हा एवढाच. फिलाडेल्फियात बसून त्यांना कोणते संस्कृत ग्रंथ, कोणाच्या भाषांतरातून, कोणत्या आवृत्तीत पाहावयास मिळाले असतील, हे त्या शहरातील त्या काळच्या ग्रंथालयांच्या छापील तालिकांशी प्रबंधातील उल्लेख ताडून पाहिल्यास ठरविता येण्याजोगे आहे. संस्कृत आणि वैद्यक या दोन्ही विषयांची जाण असलेल्या विद्यार्थ्याने ते काम हाती घ्यावयास हवे.